रेखांशाच्या गोष्टीतला खलनायक

समुद्रावरील रेखांशाची गोष्ट हल्ली बहुतेकांना एकाच रूपात ठाऊक असते. ते रूप तिला डेव्हा सोबेल यांच्या १९९५ सालच्या 'लाँजिट्यूड' ह्या छोटेखानी पुस्तकाने दिले. फारसे शिक्षण नसलेला एक सुतार भर समुद्रातही अचूक वेळ सांगणारे घड्याळ तयार करतो. विद्वानांचे मंडळ त्याला वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवते. त्या मंडळात एक मत्सरी ज्योतिर्विद असतो, आणि त्याला हे कोडे यंत्राने नव्हे, तर चंद्राने सुटायला हवे असते. अखेर खुद्द राजाला मध्ये पडावे लागते आणि वृद्ध सुताराला न्याय मिळतो. पुस्तकाच्या उपशीर्षकातच 'एकाकी प्रतिभावंत' आहे. अशी गोष्ट आवडली नाही तरच नवल. मलाही ती आवडते. पण कथनाचे प्रकार वर्गात शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. घटना इतक्या सुबकपणे लोककथेच्या साच्यात बसल्या, की बसवताना काय काय तासून टाकले असेल, असा प्रश्न त्याला पडतो.

कोडे थोडक्यात असे. अक्षांश कळणे तुलनेने सोपे, कारण मध्यान्हीच्या सूर्याची किंवा ध्रुवताऱ्याची उंची मोजली की विषुववृत्तापासून आपण किती दूर आहोत ते समजते. पूर्व-पश्चिम अंतराला मात्र आकाशात अशी स्थिर खूण नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. त्यामुळे जहाजावर भर दुपार झाली त्याच क्षणी मायदेशी किती वाजले आहेत हे कळले, तर दोन वेळांतल्या फरकावरून रेखांश काढता येतो. चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश, आणि विषुववृत्तावर एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. इथली वेळ सूर्य सांगतो. घरची वेळ कोणी सांगायची, एवढाच प्रश्न होता. पण 'एवढाच' म्हणावा असा तो नव्हता. लंबकाची घड्याळे हेलकावणाऱ्या जहाजावर निकामी ठरत. उष्ण कटिबंधात धातू प्रसरण पावे, तेल पातळ होई, थंडीत ते घट्ट होई. नाविक गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून वेग मोजत, होकायंत्रावरून दिशा घेत आणि उरलेले अनुभवावर सोपवत.

२२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री ॲडमिरल क्लाउड्सली शॉव्हेलच्या ताफ्यातील चार युद्धनौका इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांच्या खडकांवर फुटल्या आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. गोष्टीची सुरुवात नेहमी इथून होते. एका साध्या खलाशाने स्वतःच्या हिशेबावरून धोक्याचा इशारा दिला होता आणि त्याबद्दल ॲडमिरलने त्याला फासावर चढवले, असेही रंगवून सांगतात. ही दंतकथा आहे. ताफ्याच्या नोंदवह्या पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा चूक केवळ रेखांशाची नव्हती, अक्षांशही चुकले होते आणि नकाशेही सदोष होते, असे दिसून आले. गोष्टीला मात्र एकच कारण लागते.

१७१४ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून बक्षीस जाहीर केले. अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला २०,००० पौंड आणि अर्ध्याहून जास्त चूक असलेल्या पद्धतींना त्याहून कमी. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. सहा आठवड्यांच्या वेस्ट इंडीजच्या प्रवासात घड्याळ दिवसाला तीन सेकंदही चुकता कामा नये, असा त्याचा अर्थ. संसदेच्या समितीपुढे न्यूटनने घड्याळाचा पर्याय मांडला होता, पण जहाजाची हालचाल, उष्णता, थंडी आणि आर्द्रता सोसणारे घड्याळ अद्याप झालेले नाही, हेही बजावले होते. बक्षिसाची रक्कम पाहून तऱ्हेवाईक संशोधकांची रीघ लागली, आणि रेखांशाचा शोध हा लवकरच चेष्टेचा विषय झाला. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये (१७२६) आपण अमर असतो तर काय काय पाहिले असते, ह्याची स्वप्ने गलिव्हर रंगवतो. त्यांत अक्षय गतीचे यंत्र आणि सर्व रोगांवरील एकच औषध ह्यांच्या जोडीला स्विफ्टने रेखांश ठेवला आहे. होगार्थच्या 'अ रेक्स प्रोग्रेस' ह्या चित्रमालिकेतील (१७३५) अखेरच्या चित्रात, वेड्यांच्या इस्पितळात, एक वेडा भिंतीवर रेखांशाची आकृती काढत बसला आहे.

त्याच १७३५ साली जॉन हॅरिसन आपले पहिले सागरी घड्याळ घेऊन लंडनमध्ये होता. १६९३ चा जन्म, यॉर्कशायरमधला. वाढला तो लिंकनशायरमधील बॅरो ह्या गावी. सुतारकीतून तो घड्याळांकडे वळला, आणि त्याची सुरुवातीची घड्याळे लाकडी होती. लाकडाचे ज्ञान हे त्याचे भांडवल. लिग्नम व्हिटी ह्या मूळच्याच तेलकट लाकडाचे भाग वापरून त्याने तेलाशिवाय चालणारी घड्याळे केली आणि घट्ट-पातळ होणाऱ्या तेलाचा प्रश्नच मोडीत काढला. पितळ आणि पोलाद उष्णतेने कमीअधिक वाढतात. ह्या दोन धातूंच्या सळया शेजारीशेजारी बसवून त्याने लंबकाची लांबी कायम राखली. एका धातूची खोड दुसऱ्याच्या खोडीने भागवायची, ही त्याची रीत होती. पहिले सागरी घड्याळ सुमारे ३४ किलो वजनाचे होते. १७३६ मध्ये ते लिस्बनला जाऊन आले. परतताना इंग्लंडचा किनारा दिसला तेव्हा हॅरिसनने ते लिझर्डचे भूशिर असल्याचे ओळखले. जहाजावरचे लोक ते स्टार्ट पॉइंट समजत होते. फरक जवळपास ६० मैलांचा होता.

इथेच थांबून त्याने बक्षीस मागितले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. तो मंडळापुढे गेला आणि आपल्याच यंत्रातील दोष सांगू लागला. दुसरे घड्याळ केले, तेही त्याला पटले नाही. तिसऱ्यावर १९ वर्षे घालवली. त्यात पितळ-पोलादाची जोडपट्टी आली, आणि ती पुढे दोनशे वर्षे थर्मोस्टॅटसारख्या उपकरणांत वापरली गेली. तरी घड्याळ हवे तसे चालेना. मग १७५९ मध्ये तयार झाले ते चौथे, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे, जेमतेम १३ सेंटिमीटर व्यासाचे. मोठ्या, संथ यंत्राला समुद्र सहज हलवतो. सेकंदाला पाच ठोके देणाऱ्या, जोराने झुलणाऱ्या छोट्या चाकाला तो तितकासा हलवू शकत नाही. आयुष्याच्या तीस वर्षांची दिशाच बदलून टाकणारी ही जाणीव त्याला साठीच्या आसपास झाली. मला ह्या साऱ्या प्रकरणात सर्वांत थोर वाटतो तो हा क्षण. ह्यात कोणी शत्रू नाही, आणि म्हणून तो नाट्यमय रूपांतरांत धावता उरकला जातो.

१७६१ च्या नोव्हेंबरात हॅरिसनचा मुलगा विल्यम हे घड्याळ घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनंतरची चूक ५.१ सेकंद भरली. मंडळाने ती मानली नाही. घड्याळ रोज किती मागे पडते हे निघण्यापूर्वी ठरवून दिलेले नव्हते आणि जमैकाचा स्वतःचा रेखांशही तेव्हा खात्रीने ठाऊक नव्हता. मोजपट्टीच पक्की नसेल तर मोजमाप काय कामाचे? ह्या आक्षेपात मला तरी लबाडी दिसत नाही. पुढची चाचणी १७६४ मध्ये बार्बाडोसला झाली. तिथे आकाश पाहून रेखांश निश्चित करायला जे ज्योतिर्विद आधीच पोहोचले होते, त्यांत नेव्हिल मॅस्केलिन होता. गोष्टीतला खलनायक तो हाच.

मॅस्केलिनची पद्धत चंद्राची होती. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश, म्हणजे स्वतःच्या बिंबाएवढा, सरकतो. आकाशाची तबकडी मानली तर तो तिच्यावरचा काटा झाला. चंद्र आणि एखादा ठरावीक तारा ह्यांतील अंतर मोजायचे आणि ग्रीनिचला ते अंतर कोणत्या क्षणी तेवढे असेल हे कोष्टकात पाहायचे, की घरची वेळ मिळाली. चंद्राची गती मात्र अत्यंत लहरी. तिची विश्वासार्ह कोष्टके ग्योटिंगेनच्या टोबियास मायरने तयार केली, आणि १७६५ मध्ये मंडळाने त्याच्या विधवेला ३,००० पौंड दिले. ह्या पद्धतीत आकडेमोड इतकी, की एका निरीक्षणामागे चार-चार तास जात. मॅस्केलिनने ठरवले की हे चार तास जमिनीवरच खर्च करायचे. १७६७ ह्या वर्षासाठीचे पहिले 'नॉटिकल अल्मनॅक' निघाले. त्यात चंद्राची ताऱ्यांपासूनची अंतरे दर तीन तासांना आधीच गणून छापलेली होती, आणि नाविकाचे काम अर्ध्या-पाऊण तासावर आले.

आता भांडण. बार्बाडोसच्या प्रवासातील ४७ दिवसांत घड्याळाची चूक सुमारे ३९ सेकंद निघाली, म्हणजे कायद्याने मागितले होते त्याच्या तिप्पट अचूक. तरीही मंडळाने बक्षिसाचे दोन भाग केले. घड्याळाची रचना उघड करा आणि १०,००० पौंड घ्या, उरलेले अर्धे इतरांनाही असे घड्याळ करता येते हे दिसल्यावर. १७६५ च्या ऑगस्टमध्ये हॅरिसनने आपल्या लंडनच्या घरी सहा दिवस बसून तज्ज्ञांच्या समितीपुढे घड्याळाचा एकेक भाग सुटा करून दाखवला. समितीत मॅस्केलिनही होता. तो त्याच वर्षी राजज्योतिषी झाला होता. त्यानंतर घड्याळ ग्रीनिचला नेऊन त्याच्याच देखरेखीखाली तपासले गेले, आणि सहा आठवड्यांच्या प्रवासात ते एका अंशापर्यंतही भरवशाचे नाही, असा अहवाल त्याने दिला. पहिले मोठे घड्याळ नेताना हमालांच्या हातून पडले, हेही नमूद करायला हवे. हॅरिसन संतापला, त्याने पत्रके काढली. ज्याची पद्धत स्पर्धेत आहे त्यालाच परीक्षक नेमणे अनुचित होते, ह्यात शंका नाही. मॅस्केलिनचा बचाव मी इथे करत नाही.

पण मंडळाचा प्रश्न रास्त होता. राज्याला एक अद्भुत वस्तू नको होती, शेकडो जहाजांवर ठेवता येईल अशी पद्धत हवी होती. हे घड्याळ हॅरिसनखेरीज कोणाला करता येईल का? त्यावर हॅरिसनचे म्हणणे असे, की मी करून दाखवले आहे, समुद्रावर चालवून दाखवले आहे, आणखी काय हवे? ज्ञान म्हणजे काय, ह्याची ही दोन वेगळी उत्तरे आहेत. एकाचे ज्ञान हातात आहे, लाकडाच्या रेषांत आणि कानसेच्या दाबात. दुसऱ्याला ते कागदावर हवे, म्हणजे ते छापता येते, शिकवता येते, तपासता येते. हॅरिसनची अडचण अशी, की त्याला लिहिता येत नसे. साक्षर होता तो, पण त्याचे गद्य म्हणजे विरामचिन्हे विसरून पानेच्या पाने वाहणारे वाक्य. मुद्दा सांगता सांगता तो तक्रारीवर जातो, तक्रारीतून संगीताच्या स्वरांतरांवर, तिथून पुन्हा लंबकावर. आपण साहित्याचे शिक्षक उत्तरपत्रिका तपासताना एक गृहीत धरतो: ज्याला नीट मांडता आले नाही, त्याला नीट कळलेले नाही. भाषा आणि विचार अभिन्न आहेत, हे आपल्या व्यवसायाचे तत्त्वज्ञानच आहे. हॅरिसन त्याचा जिताजागता प्रतिवाद आहे, आणि मला तो अस्वस्थ करतो.

मंडळाच्या प्रश्नाला लार्कम केंडॉल ह्या कारागिराने उत्तर दिले. १७६९ मध्ये त्याने चौथ्या घड्याळाची हुबेहूब प्रतिकृती पुरी केली. किंमत ४५० पौंड. कुकने १७७२ ते १७७५ च्या सफरीवर ती नेली आणि परत येऊन तिची मनापासून स्तुती केली. केंडॉलचे दुसरे, साधे केलेले घड्याळ 'बाउंटी' जहाजावर होते. बंडखोरांनी ते पिटकेर्न बेटावर नेले आणि १८०८ मध्ये एका अमेरिकन कप्तानाने ते तिथून विकत घेतले. हॅरिसनने थेट राजाकडे दाद मागितली, १७७३ मध्ये संसदेने त्याला आणखी ८,७५० पौंड दिले, आणि १७७६ मध्ये तो वारला. वेळोवेळी मिळालेल्या रकमांची बेरीज २०,००० च्या वर जाते. 'बक्षीस' ह्या नावाने मात्र ते त्याला कधीच मिळाले नाही, आणि दुसऱ्या कोणालाही नाही. घड्याळे स्वस्त झाली ती पुढच्या पिढीत, आर्नल्ड आणि अर्नशॉ ह्यांनी रचना सोपी केल्यावर. तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, जहाजे दोन्ही वापरत. घड्याळ रोजची वेळ सांगे आणि ते बिघडले आहे की काय, हे चंद्र सांगे. चांद्र अंतरांची कोष्टके 'अल्मनॅक'मध्ये १९०६ पर्यंत छापली जात होती. कथेत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या ह्या दोन पद्धती समुद्रावर एकमेकींच्या शेजारी नांदल्या.

ती कोष्टके कोण गणत होते? मॅस्केलिनने घरबसल्या आकडेमोड करणाऱ्यांचे जाळे उभे केले होते. गावोगावचे शिक्षक, पाद्री, मोजणीदार. एकाच महिन्याचे गणित दोघे स्वतंत्रपणे करत आणि तिसरा दोन्ही ताडून पाही. दोघांनी परस्परांचे आकडे उतरवून घेतल्याचे एकदा उघडकीस आले आणि त्यांना काढून टाकले गेले, म्हणजे परीक्षागृहे सगळीकडे सारखीच. श्रॉपशायरमधील लडलो गावचा पाद्री जॉन एडवर्ड्स हा ह्या जाळ्यातला एक भरवशाचा गणक होता. १७८४ मध्ये तो वारला, तेव्हा कळले की गणिते बहुतांशी त्याची पत्नी मेरी करत असे. पुढे तिने ती स्वतःच्या नावावर केली आणि त्या मिळकतीवर दोन मुली वाढवल्या. मॅस्केलिनने तिला काम देत राहण्यात खळखळ केली नाही. तिच्यानंतर मुलगी एलायझाने ते चालवले, १८३२ मध्ये सगळे काम लंडनच्या कचेरीत एकवटेपर्यंत. तिथे स्त्रियांना जागा नव्हती. एकाकी प्रतिभावंताच्या गोष्टीत मेरी एडवर्ड्स बसत नाही. ती एकाकी नव्हती. तिचे काम दुसऱ्याच्या आकड्यांशी जुळणे हेच तिचे यश होते.

आणि हे आकडे आपल्या घरातही आले आहेत. मुंबईच्या बंदरातील जहाजांना खगोलीय निरीक्षणांची आणि नेमक्या वेळेची सोय हवी, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याची वेधशाळा उभारली. केरो लक्ष्मण छत्रे कोवळ्या वयात तिथे नोकरीला लागले. पुढे पुण्यात ते गणिताचे प्राध्यापक झाले, टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये पाश्चात्य गणिताच्या आधारे त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत आणली, आणि त्यांच्या प्रेरणेने १८६५ पासून निघू लागलेले पटवर्धनी पंचांग 'नॉटिकल अल्मनॅक'वरून तयार होत असे. नाविकांसाठी गणलेला चंद्र अशा रीतीने आपल्या तिथ्या ठरवू लागला. त्या पंचांगाची परंपरा पुढे टिळक पंचांगात गेली. काही घरांत गणपती एखाद्या वर्षी महिनाभर आधी बसतात, ते ह्या परंपरेमुळे, अर्थात त्या वादाचे मूळ अयनांशात आहे, चंद्राच्या कोष्टकांत नाही.

हे आकडे परकेही नव्हते. 'सूर्यसिद्धान्ता'त रेखांश काढण्याची रीत दिली आहे ती चंद्रग्रहणाची. लंकेपासून उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेषेसाठी गणलेल्या वेळेपेक्षा ग्रहण आपल्याला उशिरा दिसले, तर आपण त्या रेषेच्या पूर्वेला आहोत. मॅस्केलिनची पद्धत तत्त्वतः हीच, फक्त त्याला ग्रहणाची वाट पाहायची नव्हती. ह्या फरकाला आपल्या ज्योतिषात 'देशांतर' म्हणतात. व्यवहारातल्या मराठीत त्याच शब्दाने आपण घर सोडून परमुलखात जाणे सुचवतो. अर्थांचा हा योग मला कोणत्याही रूपकाहून अधिक सांगून जातो. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत शून्य रेखावृत्त ग्रीनिचला देण्यात आले, त्यामागे कितीतरी जहाजांवर तोवर रुळलेले मॅस्केलिनचे पंचांगच होते. मुंबईने आपली ४ तास ५१ मिनिटांची स्वतंत्र वेळ १९०६ च्या भारतीय प्रमाणवेळेनंतरही सोडली नाही. महापालिकेने ती जपली थेट १९५५ पर्यंत.

हॅरिसनच्या गद्याकडे एकदा परत जायला हवे. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १७७५ मध्ये, त्याने एक पुस्तक छापले. त्यात त्याने दावा केला, की आपल्या रीतीने केलेले लंबकाचे घड्याळ शंभर दिवसांत एका सेकंदापलीकडे चुकणार नाही. पुस्तक वाचवत नव्हते आणि दावा अशक्य वाटत होता, तेव्हा त्याच्याकडे म्हातारचळ म्हणून पाहिले गेले. १९२० च्या दशकात नौदलातील रूपर्ट गूल्ड ह्याने ग्रीनिचला गंजत पडलेली मूळ सागरी घड्याळे हाती घेऊन कित्येक वर्षे खपून ती चालती केली, पण पुस्तकाचा अर्थ लागायला आणखी वेळ लागला. मार्टिन बर्जेस ह्या कारागिराने १९७० च्या दशकात त्या दुर्बोध वर्णनांवरून एक घड्याळ करायला घेतले, आणि दुसऱ्या हातांनी ते पुरे केले. २०१५ च्या जानेवारीत ते पारदर्शक पेटीत सीलबंद करून शंभर दिवस चालू ठेवले. चूक एका सेकंदाहून कमी निघाली. ही चाचणी झाली ती ग्रीनिचच्या वेधशाळेत, म्हणजे जिथे मॅस्केलिनने चौथ्या घड्याळाविरुद्ध अहवाल लिहिला होता तिथेच.